ड्रोन काढा, घंगाळ टांगा

पत्र : "मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी साहस-कादंबरी लिहिली आहे. नायक मल्हार, वय चौदा, आठवीत. डोकेबाज, भंगारातून वस्तू बनवणारा. सराफ बाजाराजवळ आजीचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान, वर घर. मे महिन्यात गोदावरीला पूर येतो, गल्ली झोपलेली असते आणि मल्हार एका रात्रीत भंगारातून ड्रोन बनवून सगळ्यांना वाचवतो. ड्रोन कसा बनवला त्याचं नऊ पानी वर्णन आहे. एकूण साठ हजार शब्द झालेत. सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना वाचून दाखवलं. एक म्हणाला, 'पण बॅटरी कुठून आणली?' नऊ पानांत बाकीची पेंगायला लागली. नायक हुशार वाटत नाही, जादूगार वाटतो असं एकीने सांगितलं. शिवाय सगळ्यांकडे मोबाइल असताना साहस घडणार कसं? काय बदलू?"

ताई, त्या मुलाला आणि त्या मुलीला कादंबरीच्या पहिल्या पानावर धन्यवाद द्या. दोघांनी नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलंय.

आधी बॅटरीचं, म्हणजे ड्रोनच्या सामानाचं पाहू. चार पंख्यांच्या ड्रोनला हलक्या पण जोरदार मोटारी लागतात, प्रत्येक मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट लागतं आणि तोल सावरायला सेकंदाला शेकडो वेळा कल मोजणारा जायरो आणि त्यानुसार दुरुस्ती करणारं नियंत्रक सर्किट लागतं. मिक्सर आणि टेबलफॅन उघडून यातलं काहीही मिळत नाही. मिळालं असं धरलं, तरी मुसळधार पावसात छोटा ड्रोन टिकत नाही. म्हणजे तुमचा मल्हार अवघड काम करत नाहीये, अशक्य काम करतोय, आणि आजच्या मुलांना यातला फरक कळतो. त्यामुळे ड्रोन काढून टाका. नऊ पानं जातील, पण त्याच्या जागी जे येईल ते तुमच्याच पहिल्या प्रकरणात पडून आहे. आजीचं दुकान.

हुशार नायकाची गोष्ट एका अटीवर चालते. नायकाच्या हातात जे सामान आहे, ते वाचकाच्याही हातात आधी आलेलं असलं पाहिजे. उत्तर सापडलं की वाचकाने कपाळावर हात मारून म्हणावं, "अरे, हे तर मीही पाहिलं होतं!" ड्रोनच्या बाबतीत तसं होत नाही, कारण चौदाव्या प्रकरणापर्यंत मोटारी कुणी पाहिलेल्याच नसतात. तुमच्या जवळचंच उदाहरण घ्या. पेठ रोडला आशेवाडीचा रामशेज किल्ला १६८२ पासून काही वर्षं औरंगजेबाच्या फौजेला दाद देत नव्हता. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, पण कातडी भरपूर होती, म्हणून किल्लेदाराने लाकडी तोफा करून त्या कातड्याने मढवल्या. लोखंड नाही, कातडं आहे. या दोन गोष्टी कळल्या की पुढची युक्ती कळते आणि पटतेही. मल्हारकडे काय नाही आणि काय भरपूर आहे, हे आधी ठरवा.

आता त्याला कोणतं यंत्र द्यावं? आमच्या मते पाण्याची पातळी सांगणारा गजर. स्वस्त आहे, चौदा वर्षांच्या मुलाला जमतो आणि मुख्य म्हणजे तो सुंदर पद्धतीने बिघडतो. कादंबरीला चालणाऱ्या यंत्रापेक्षा बिघडणारं यंत्र जास्त उपयोगी पडतं.

पण त्याआधी पाणी कुठून येतं ते नीट लिहा. तुमच्या पत्रात पूर मे महिन्यात आहे. गंगापूर धरण तेव्हा तळ गाठत असतं, पूर आणणारा विसर्ग होतो तो पावसाळ्यात. जुलै-ऑगस्ट धरा. २०१६ आणि २०१९ चे मोठे पूर ऑगस्टचेच. शिवाय धरणातून पाणी सोडताना आधी इशारा दिला जातो, विसर्ग किती क्युसेक ते बातम्यांत येतं. (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. मल्हारला हा गुणाकार करू द्या. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटर हे कळल्यावर त्याचं तोंड उघडं राहू द्या.) मग कुणीही विचारेल, सरकारी इशारा असताना याच्या गजराची गरज काय? याचं उत्तर मल्हारच्या गल्लीखालून वाहतंय. सरस्वती नाला. ढगफुटीसारखा पाऊस झाला की धरणातून थेंब न सोडताही दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार या भागात पाणी भरतं. सगळी मोठी माणसं गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघत असतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, अशी मोजणी चालू असते. मारुतीचे पाय अजून कोरडे आहेत म्हणून सगळे निवांत झोपतात, आणि पाणी येतं पाठीमागून. कादंबरीचा मधला मोठा धक्का इथे आहे. तो नदीकाठावर वाया घालवू नका.

मल्हारचा पहिला गजर असा : नऊ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक किलोओहमचा रेझिस्टर, छोटा बझर आणि तांब्याच्या दोन उघड्या तारा. दोन्ही तारा पाण्यात गेल्या की पाण्यातून जाणारा बारीकसा प्रवाह ट्रान्झिस्टरला चालू करतो आणि बझर वाजतो. मल्हारने तार मामाच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आणली असेल, तर पहिली फजिती तिथेच होऊ द्या. रिवाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा पारदर्शक थर असतो. तार तांब्यासारखी चमकते म्हणून ती उघडीच आहे असं वाटतं. ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने टोकं खरवडल्याशिवाय सोल्डरचा डाग धरत नाही आणि वीजही जात नाही. अर्धा तास तो बॅटरी बदलत बसेल, बझर बदलेल, आणि शेवटी ब्लेडने तार खरवडल्यावर गुलाबी तांबं दिसेल. हे एक पान पुरे आहे, आणि ते तुमच्या नऊ पानांपेक्षा वाचनीय होईल, कारण त्यात शोध आहे.

दुसरी फजिती मोठी. गजर घरातल्या बादलीत उत्तम चालतो. तो गल्लीच्या सखल कोपऱ्यात लाकडी पट्टीवर ठोकून बसवला की पहिल्याच सरीत रात्री दहाला वाजतो, कारण ओल्या लाकडावरची पाण्याची पातळ साय दोन तारांना जोडायला पुरते. पूर नाही, फक्त पाऊस. गल्ली जागी होते, माणसं चपला शोधत खाली येतात आणि रस्ता नुसता ओला असतो. "लांडगा आला रे आला" झालं. आता पुढच्या वेळी मल्हारवर कुणी विश्वास ठेवणार नाही. पाहा, तुमच्या कथेतली सगळ्यात मोठी अडचण खलनायकाने आणली नाही, एका भौतिक कारणाने आणली. याच्याइतकं पटणारं संकट नाही.

पुढचं रूप तरंगत्या गजराचं. यावर जास्त पानं खर्च करा, कारण इथे मल्हारचं डोकं चालताना दिसतं. चार इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटांचा तुकडा, तळाशी भोकं. पाइपमुळे आतलं पाणी हिंदकळत नाही, वरचा पाऊस आतल्या तरंगत्या वस्तूला हलवत नाही. आत थर्मोकोलचा गट्टू, त्यावर लोहचुंबक, आणि बाहेरून ठरावीक उंचीवर रीड स्विच. रीड स्विच म्हणजे काचेच्या बारीक नळीतल्या दोन पात्या, ज्या चुंबक जवळ आला की चिकटतात. जुन्या दाराच्या अलार्ममध्ये तो सापडतो. त्याचे पाय काचेला लागून वाकवले तर काच तडकते. पकडीने पाय काचेपासून जरा लांब धरून मग वाकवायचे. पहिला मल्हारकडून फुटू द्या. दुसरा एकच उरलेला असू द्या.

हा गजर बसवल्यावर तो कधी वाजेल, कधी नाही. का? गट्टू पाण्यात फिरतो. कडेला चिकटवलेला चुंबक स्विचच्या समोर आला तर वाजतो, पाठीमागे गेला तर आठ-नऊ सेंटीमीटर लांब जातो, आणि चुंबकाचा जोर अंतराने झपाट्याने कमी होतो. मल्हारने ही गोष्ट बादलीत गट्टूला बोटाने गिरकी देऊन शोधावी. उत्तर काय? स्विच मध्यभागी एका नळीत आणि चुंबक त्या नळीभोवती कडं होऊन. बाजारातले फ्लोट स्विचही असेच असतात. आणि कड्याच्या आकाराचा चुंबक कुठे असतो? बिघडलेल्या स्पीकरच्या पाठीमागे. तो स्पीकर तिसऱ्या प्रकरणात आजीच्या जुन्या रेडिओत खरखरत असू द्या. कुणाच्याही लक्षात राहणार नाही इतक्या सहज.

चुंबक काढतानाही घाई नको. तो लोखंडी चकत्यांमध्ये चिकटवलेला असतो आणि फेराइट ठिसूळ असतं. हातोडी मारली की बशीसारखं फुटतं. आणखी एक सापळा नळीचा. मल्हार पडद्याचा लोखंडी रॉड घेईल, कारण तो हाताशी आहे. स्विच मेल्यासारखा गप्प बसेल. लोखंड चुंबकाचं क्षेत्र स्वतःतच वळवून घेतं, आतल्या स्विचपर्यंत पोहोचूच देत नाही. गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेनाची अ‍ॅल्युमिनियमची नळी घेतली की काम होतं. थर्मोकोलचा गट्टू आठ सेंटीमीटर रुंद आणि आठ सेंटीमीटर उंच असला, तर पूर्ण बुडाल्यावर तो सुमारे चारशे ग्रॅम तोलतो. छोट्या स्पीकरचं कडं त्याहून बरंच हलकं, म्हणजे गट्टू आरामात तरंगेल. हा हिशेब मल्हारने वहीच्या मागच्या पानावर करावा, आठवीच्या भूमितीतला दंडगोल वापरून. बाईंनी तो धडा शिकवताना हा खिडकीबाहेर बघत होता, हे आधी आलेलं असलं तर आणखी बरं.

चुका एवढ्याच नाहीत. रस्त्यावरच्या पाण्यात कॅरीबॅग वाहत येतात आणि पाइपची भोकं बुजतात, म्हणून भोकांना बाहेरून जाळी हवी. टेबलावर चाललेला जोड खांबावर गेल्यावर सुटतो, तो ड्राय सोल्डर : चकचकीत दिसायच्या ऐवजी मळकट, दाणेदार दिसणारा जोड, जो तार हलली की निसटतो. सगळ्या चुका एका कादंबरीत घालू नका. तीन घ्या, प्रत्येकीची किंमत मल्हारला मोजायला लावा.

मुलं विचारतील, बझर नाल्याशी कशाला, घरात ठेव की! बरोबर विचारतील. बझरला २०-३० मिलिअँपिअर लागतात, तेवढ्यासाठी साठ-सत्तर मीटर तार ओढली तरी व्होल्टेज नावापुरतंच पडतं. तर बझर मल्हारच्या उशाशीच ठेवा. रात्री अडीचला तो वाजतो, खरा वाजतो, आणि फक्त मल्हारलाच ऐकू येतो. वीज गेलेली आहे. बझरचा आवाज एका फुटावर ८५ डेसिबल धरला, तर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. दहा मीटरवर उरतात ५५, म्हणजे साधारण बोलण्याइतके. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना बंद खिडकीआड ते कुणालाही ऐकू जाणार नाहीत. ज्या यंत्रावर वाचकाने बारा प्रकरणं जीव लावला, ते आपलं काम चोख करतं आणि तरीही पुरत नाही. आता खरी हुशारी लागते, आणि इथेच आजीचं दुकान उघडा.

दुसऱ्या प्रकरणात तांबटाच्या ठोक्यांचा त्रास दाखवून ठेवा. दुपारी अभ्यासाला बसलं की ठण् ठण् ठण्, सगळ्या गल्लीला सवय झालेला आवाज. दिवसा तो कुणी ऐकत नाही. पण तोच आवाज रात्री अडीचला आला तर? चुकीच्या वेळेचा ओळखीचा आवाज माणसाला उठवतो. तो प्रसंग असा लिहिता येईल :

"मल्हारने घंगाळ फरशीवर ठेवलं आणि हातोडी हाणली. थप्प. जोरात हाणली. थप्प. पायरीवर पाणी चढलेलं पायाला लागलं. दुपारी हेच घंगाळ कसं गुणगुणायचं! त्याने एका हाताने कडी धरून ते जरासं उचललं आणि हातोडीच्या दांड्यानेच टोला दिला. घंगाळ बोललं. त्याने काठाला तळवा लावला, गुणगुण मेली. तळवा काढला, पुन्हा टोला, पुन्हा गुणगुण. फरशी गिळत होती आवाज. आजीच्या जुन्या लुगड्याची पट्टी त्याने कडीतून ओवली आणि तुळईच्या खुंटीला बांधली. घंगाळ मोकळं लटकलं. त्याने हातोडी दोन्ही हातांनी धरली."

यात नायकाने एकही वाक्य समजावून सांगितलेलं नाही. तळव्याने सांगितलं. समजावण्याचं काम नेहमी हाताकडे, कानाकडे, नाकाकडे द्या. जिथे बोलून सांगणं टळतच नाही, तिथे शंका काढणारी मैत्रीण ठेवा आणि चार वाक्यांनंतर तिला मध्ये बोलू द्या. "मग लोखंडाची नळी का नाही चालत?" असं तिने विचारलं की वाचकाचा प्रश्न विचारला गेला. मात्र तिला नुसती विचारणारी ठेवू नका. अँटेनाची नळी तिला आठवू द्या.

मोबाइल पळवू नका, भिजवू नका, बॅटरी संपवू नका. मुलांना ती पळवाट लगेच ओळखू येते. मोबाइल चालू असू द्या. मल्हार पंचवटीतल्या काकांना फोन लावतो, ते उठतातही, पण गोदावरीच्या पलीकडून त्या पावसात यायला त्यांना वेळ लागणार. गल्लीतल्या प्रत्येकाचा नंबर चौदा वर्षांच्या मुलाकडे नसतो, आणि ज्यांचा आहे ते रात्री फोन सायलेंटवर ठेवतात. एवढं पुरे. उलट बझरचा आवाज दहा पावलांवर किती उरतो, हे मोबाइलवरच्या आवाजमापकाने आधी एका दुपारी मोजू द्या. मग त्या रात्री तो आकडा त्याला आठवेल.

एका गोष्टीवर आम्ही अडून बसू. मुलं नायकाचं अनुकरण करतात, करायलाच हवीत, म्हणून मल्हारचं सगळं काम बॅटरीवर असू द्या. २३० व्होल्टला त्याने हात लावायचा नाही. मामाने त्याचा हात एकदा झटकून बाजूला केला, एवढ्याने ते कळतं. आणि वाहत्या पाण्यात त्याला उतरवू नका. गुडघाभर वाहतं पाणी मोठ्या माणसालाही पाडतं, शिवाय खाली उघडं चेंबर कुठे आहे ते दिसत नाही. तो ओट्यावरून, जिन्यावरून, गच्चीवरून काम करू शकतो. जुन्या वाड्यांच्या गच्च्या लागून असतात, थरार तिथेही कमी नाही.

लांबीचं सांगायचं तर साठ हजार शब्द या वयाला जड जातात. चौदाशे शब्दांची चोवीस प्रकरणं, म्हणजे साधारण चौतीस हजार शब्द, एवढं माप धरा. पुनर्लेखनाआधी एक शंभर पानी वही घ्या आणि तिच्यात फक्त सामान लिहा. वस्तू कोणती, पहिल्यांदा कुठल्या प्रकरणात आपल्या नेहमीच्या कामात दिसली, मध्ये कुठे हाताळली गेली, संकटात कुठे वापरली. स्पीकर, अँटेना, दाराचा अलार्म, लुगडं, घंगाळ, दंडगोलाचा धडा. ज्या वस्तूचा 'पहिल्यांदा दिसली' हा रकाना रिकामा आहे ती संकटात वापरायची नाही. ज्या वस्तूचा शेवटचा रकाना रिकामा आहे तिला ठेवायला हरकत नाही. दोन-चार वस्तू उगाच पडलेल्या असल्या की खरी वस्तू लपते. म्हणून आजीच्या माळ्यावर एक मोडकी सायकल आणि बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ जरूर ठेवा.

मग त्याच मुलांना पुन्हा बोलवा. बझर वाजतो आणि कुणी उठत नाही, तिथपर्यंत वाचा आणि वही मिटा. "तुम्ही असता तर आता काय केलं असतं?" असं विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या, मोठ्याने नको, नाहीतर एकाचं ऐकून सगळे तेच म्हणतील. दहांपैकी दोघा-तिघांनी भांडी लिहिली तर प्रकरण जमलंय. सगळ्यांनी लिहिली तर दुसऱ्या प्रकरणातले तांबटाचे ठोके थोडे हळू करा. कुणीच लिहिली नाहीत तर आणखी एकदा, नवव्या प्रकरणाच्या आसपास, आजीला दुकानात एखादं घंगाळ गिऱ्हाइकासमोर वाजवून दाखवू द्या. आणि कुणी तुम्हाला-आम्हाला न सुचलेलं, पण त्या दुकानातल्याच सामानातून होणारं उत्तर लिहिलं असेल, तर घंगाळ सोडून ते घ्या.